गटार उन्हाळ्यात ओलं का आहे? कारखान्यातल्या पावसाच्या पाण्याचं काम, एप्रिल ते ऑक्टोबर

एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांना पावसाच्या पाण्याची आठवण जूनच्या पहिल्या सरीनंतर होते. मे महिन्यात दोन दिवसांत जो पत्रा बसला असता तो जुलैत बसत नाही. उघड्या ड्रमांवरून पाणी ओघळतं, अंगणातलं तेल-पावडर सोबत घेतं आणि रस्त्याकडेच्या गटारात उतरतं. तिथून नाला, पुढे नदी किंवा खाडी. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, उत्तम चालवणाऱ्या कारखान्यालाही याच गटारापायी नोटीस आलेली मी पाहिली आहे, आणि अशा वेळी मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण ते तर पावसाचं पाणी होतं ना?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणाऱ्या माणसासाठी आहे. लहान-मध्यम युनिटमध्ये तो बहुधा ईटीपी ऑपरेटरही असतो, सेफ्टीचंही बघतो आणि कन्सेंट रिन्युअलचे, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या नूतनीकरणाचे, कागदही तोच जमवतो.

कायदा पाणी कुठून आलं ते विचारत नाही

1974 च्या जल कायद्यातल्या व्याख्या एकदा शांतपणे वाचा. औद्योगिक सांडपाणी म्हणजे उद्योगाच्या आवारातून बाहेर जाणारा, घरगुती सांडपाणी सोडून, कुठलाही द्रव, वायू किंवा घन पदार्थ. त्यात प्रक्रियेतून निघालेलं आणि आभाळातून पडलेलं असा भेद नाही. प्रवाहाच्या व्याख्येत वाहता नाला तर येतोच, सध्या कोरडा असलेलाही येतो. भूजल येतं, समुद्र येतो. म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीलगतचा, आठ महिने क्रिकेट खेळायला वापरला जाणारा ओढा कायद्याच्या नजरेत प्रवाहच आहे. कलम 24 प्रदूषक पदार्थ त्यात जाऊ देऊ नका म्हणतं. कलम 25 म्हणतं, सांडपाणी सोडायचं तर मंडळाची संमती हवी.

आता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तुमचं संमतीपत्र काढा. पहिल्या पानावरचं उत्पादन आणि मुदत सगळ्यांना पाठ असते, पण अटी मागच्या परिशिष्टांत असतात. सांडपाण्यासाठी वेगळी गटारव्यवस्था असावी, शेवटच्या चेंबरवर प्रवाह मोजण्याची सोय असावी, ठरवून दिलेल्या व्यवस्थेबाहेर सांडपाणी कुठेही जाऊ नये, अशा आशयाची वाक्यं तिथे सापडतील. पावसाच्या पाण्याबद्दल मजकूर थोडका असतो म्हणून तो सोडून दिला जातो. त्या एकदोन ओळींवर पिवळी पेन्सिल फिरवा, कारण तुमच्या चार महिन्यांच्या कामाचा आधार तोच आहे.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट तपासा. पर्यावरण संरक्षण नियमांच्या पहिल्या अनुसूचीत काही उद्योगांसाठी पावसाच्या पाण्याची स्वतंत्र अट आहे. इलेक्ट्रोप्लेटिंगसाठी ती 2012 मध्ये आली: प्लॉट किमान 200 चौरस मीटरचा असेल तर पावसाचं पाणी स्क्रबरचं (धूर-वायू धुणाऱ्या यंत्राचं) पाणी, सांडपाणी किंवा फरशी धुतलेलं पाणी यांत मिसळता कामा नये; ते वेगळ्या गटारातून, एचडीपीई (जाड प्लास्टिक) अस्तर लावलेल्या खड्ड्यातून गेलं पाहिजे; आणि त्या खड्ड्यात तासाच्या सरासरीने दहा मिनिटांचा पाऊस मावला पाहिजे. तुमचा उद्योग कुठल्या नोंदीत बसतो ते बघा. खड्ड्याचं गणित पुढे करू.

एप्रिल: कोरड्या गटाराची परीक्षा

पावसाळी गटार एप्रिलमध्ये कोरडं ठणठणीत असायला हवं. हा माझा सगळ्यात आवडता तपास आहे, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. शेवटचा पाऊस होऊन पाच महिने झालेत आणि तुमच्या पावसाळी चेंबरमध्ये पाणी आहे, तर ते पाऊस सोडून दुसरं काहीतरी आहे.

एका कारखान्यात आम्ही गेटजवळचं झाकण उघडलं तेव्हा तळाशी चार बोटं पाणी होतं. ऑपरेटर म्हणाला, झाडांना पाणी घालतात त्याचं असेल. हात लावला तर कोमट लागलं. पीएचची पट्टी बुडवली, ती निळीकडे झुकली. झाडांचं पाणी कोमट नसतं. मग एकेक चेंबर उघडत मागे मागे गेलो. चौथ्या चेंबरच्या भिंतीतून दोन इंची पाइप आत आलेला दिसला, तोंडाशी पांढरी खपली धरलेला. तो निघाला ड्रम धुण्याच्या ओट्यापासून. ओटा कधीतरी हलवला होता, ईटीपीची लाइन लांब पडत होती, आणि कोणा फिटरने जवळचं गटार गाठलं होतं. नकाशात तो पाइप नव्हता आणि ज्याने जोडला तो नोकरी सोडून गेलेला.

तेव्हा नकाशा कार्यालयातल्या फाइलीतून घेऊ नका, पायी फिरून काढा. ए-थ्री कागदावर प्लॉटची हद्द, उतार, प्रत्येक चेंबर, प्रत्येक पन्हाळीचा पाइप कुठे उतरतो, आणि पाणी आवाराबाहेर जातं त्या सगळ्या जागा दाखवा. बाहेर जायच्या जागा कागदावर एक असते, प्रत्यक्षात तीन सापडतात. एक गेटखालून, एक मागच्या भिंतीला पडलेल्या भोकातून. शंका असेल तिथे वरून होजने पाणी सोडा आणि खाली कुठल्या चेंबरमध्ये आवाज येतो ते ऐका. रंग टाकून बघायचा असेल तर आधी बाहेरचं तोंड वाळूच्या पोत्यांनी बंद करा, नाहीतर तपासणीच तक्रारीचं कारण व्हायची. डोंबिवलीत 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस आणि 2020 च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता होऊन गेल्यावर एमआयडीसीशेजारचे रहिवासी रंगीत पाणी दिसलं की आधी मोबाइल काढतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

नकाशात आणखी एक खूण हवी: शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे कुठून येतं? वरच्या अंगाच्या प्लॉटवरून भिंतीखालून पाणी येत असेल तर त्याची वेगळी नोंद करा, फोटो काढा, आणि जमत असेल तर भिंतीलगत चर खणून ते तुमच्या अंगणात न शिरता बाहेर काढा. जुलैत तुमच्या गटारातून नमुना घेतला जाईल तेव्हा त्यात निम्मं पाणी दुसऱ्याचं होतं हे सांगून भागणार नाही.

मे: आधी छप्पर, मग खड्डा

पावसात भिजलेली वस्तू स्वच्छ करण्यापेक्षा ती भिजू न देणं कितीतरी स्वस्त. तरीही दरवर्षी मालक आधी टाकीचं कोटेशन मागवतो आणि पत्र्याचं राहून जातं.

आवारात फिरा आणि आभाळाखाली काय आहे ते लिहा. रिकामे ड्रम बहुतेक आडवे पडलेले असतात, बूच नसलेले. प्रत्येकात तळाला पाव लिटर माल असतो. भंगारात टाकलेले जुने पंप, त्यांतलं ऑइल. ईटीपीच्या फिल्टर प्रेसमधून निघालेला स्लज (गाळ), ताडपत्री फाटलेली. कोळसा, राख, मिठाच्या गोण्या. डिझेल जनरेटरखालचा काळा डाग. टँकर जिथे उभा राहून माल उतरवतो ती जागा, म्हणजे टँकर बे, तर हमखास; होज काढताना सांडणारे दोन-चार लिटर रोजचे असतात, त्यांची कुणी नोंद करत नाही. छपराकडेही मान वर करून बघा. ड्रायर किंवा पल्व्हरायझरच्या (दळण यंत्राच्या) चिमणीतून उडालेली पावडर पत्र्यावर साचते आणि पहिल्या सरीत सगळी पन्हाळीत येते. छपराचं पाणी स्वच्छच असतं, हा समज सोडून द्या.

घातक कचऱ्याची शेड बंदिस्त हवी, फरशी पक्की, दाराशी उंबरा, आणि आत पाणी शिरू नये इतकी उंच. 2016 च्या नियमांप्रमाणे हा कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. मेअखेर शेड रिकामी होईल असं उचल करणाऱ्या सामायिक केंद्राशी आताच ठरवा. पावसात गाड्या वेळेवर येत नाहीत.

गळलेला माल अडवायला टाक्यांभोवती बांधतात त्या बंड वॉलबद्दल एक बारीक गोष्ट. सर्वात मोठ्या टाकीच्या 110 टक्के माल मावेल इतकी बंडची क्षमता ठेवायची पद्धत आहे. पण जुलैत बंड गुडघाभर पावसाच्या पाण्याने भरलेलं असेल तर ती क्षमता फक्त ड्रॉइंगमध्ये उरते. म्हणून ऑपरेटर ड्रेन व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवतो, पाणी आपोआप निघून जावं म्हणून. टाकी गळाली की मालही त्याच वाटेने आपोआप जातो. व्हॉल्व्ह कायम बंद, त्याला कुलूप, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. बंडमधलं पाणी बघून, पीएच तपासून, मगच काढायचं. शंका आली तर ईटीपीला. शक्य असेल तर बंडवरच पत्रा टाका म्हणजे हा रोजचा वाद मिटतो.

दहा मिनिटांच्या पावसाचं गणित

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. बाकी सगळं या एका वाक्यातून निघतं.

समजा पाणी गोळा होणारा भाग 2,000 चौरस मीटर आहे आणि तुम्ही ताशी 50 मिमी पाऊस धरला. तासाला 1,00,000 लिटर, दहा मिनिटांत सुमारे 16,700. काँक्रीट आणि पत्र्यावरून साधारण 90 टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर 15,000 लिटर, म्हणजे 15 घनमीटर. तीन मीटर लांब, अडीच रुंद, दोन खोल. वर एक-दीड फूट मोकळा ठेवा आणि तळाला गाळासाठी जागा सोडा, कारण गाळ येणारच. ताशी किती मिमी धरायचा ते जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी बघून ठरवा आणि तो आकडा कुठून घेतला ते हिशोबाच्या कागदावर लिहून ठेवा. सांगली-सोलापूरचा आकडा घेऊन कोकणात खड्डा बांधू नका.

स्वच्छ छपराचं पाणी वेगळं काढलं तर खड्डा बराच लहान होतो. वरच्या उदाहरणात 1,200 चौरस मीटर छप्पर वजा झालं तर उरलेल्या 800 साठी 6 घनमीटर पुरतात. पण हे मनाने करू नका. नियम बॅटरी लिमिटच्या, म्हणजे युनिटच्या हद्दीच्या, आतल्या पाण्याबद्दल बोलतो, तेव्हा छपराची वेगळी वाट आराखड्यात दाखवा आणि मंडळाकडून ती मान्य करून घेतल्याशिवाय बांधकामाला हात लावू नका.

खड्ड्याला दोन वाटा हव्यात. एक पंपाने ईटीपीकडे, दुसरी गेट व्हॉल्व्हमधून बाहेरच्या गटाराकडे. सर सुरू झाली की पहिलं पाणी खड्ड्यात अडतं. अंगणातली बहुतेक घाण त्यातच असते. ते तपासून खराब निघालं तर ईटीपीला जातं, ठीक असेल तर बाहेर. इथे एक अडचण आधीच ओळखा: ईटीपीची आणि सीईटीपीला (अनेक कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्राला) पाठवायची मर्यादा संमतीपत्रात सीएमडीमध्ये (दिवसाला घनमीटर) बांधलेली आहे. 20 सीएमडीच्या ईटीपीत एका सरीचे 15 घनमीटर ओतले तर सांडपाणी शुद्ध करणारे बॅक्टेरिया वाहून जातात आणि मर्यादाही ओलांडते. म्हणून ते पाणी साठवून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं सोडावं लागतं, आणि म्हणूनच खराब पाणी मुळात कमी तयार व्हायला हवं. पत्र्याचं महत्त्व इथे पुन्हा कळतं.

मोठ्या पुराला हा खड्डा उत्तर नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस झाला. 22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूणमध्ये पाणी घराघरात शिरलं. तशा दिवशी व्हॉल्व्ह, गेट सगळं पाण्याखाली असतं. उपयोगी पडते ती उंची: माल वरच्या रॅकवर, ड्रम साखळीने बांधलेले, टाक्यांची तोंडं बंद. जुन्या कामगारांना विचारून पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर लाल रंगाने काढून ठेवा आणि तिच्याखाली काहीही ठेवू देऊ नका.

जून ते सप्टेंबर: काचेची बाटली आणि एक वही

नमुना कधी घ्यायचा, काय बघायचं, याबाबत आपल्या संमतीपत्रात फारसं नसतं. इथे मी अमेरिकेची पद्धत उसनी घेतो. तिथे 1987 मध्ये कायदा दुरुस्त होऊन कारखान्यांच्या पावसाच्या पाण्याला परवाना लागू झाला, 1990 मध्ये नियम आले आणि 1995 पासून एक सामायिक परवाना आहे, ज्यात उद्योगांचे 29 गट पाडलेत. त्या परवान्याचा गाभा म्हणजे प्रत्येक कारखान्याने स्वतःची लेखी योजना करायची आणि स्वतःच डोळ्यांनी बघायचं. दर तिमाहीला, पाणी बाहेर पडू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात, रंगहीन बाटलीत नमुना घ्यायचा. आधीच्या पावसाला किमान 72 तास झालेले असावेत. मग रंग, वास, गढूळपणा, तरंगणारे आणि तळाला बसणारे कण, फेस, तेलाचा तवंग हे लिहून काढायचं.

आपल्याकडे 72 तासांची उघडीप जुलैत कुठून मिळणार? म्हणून पहिला मोठा पाऊस, नंतर प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतरची पहिली सर, आणि मधे पंधरा दिवसांतून एकदा, एवढं पुरे. वहीतली नोंद अशी दिसावी:

"9 जुलै, स. 7.10 पाऊस सुरू, तीन दिवसांनी. 7.30 ला गेट चेंबरमधून बाटली. रंग फिकट पिवळा, वास नाही, पातळ तवंग. पीएच 7. शेजारच्या बाजूने येणारं पाणी स्वच्छ. तवंग टँकर बेकडून येतोय; तिथे पोती टाकली, पाणी खड्ड्यात वळवलं. 8.15 ला दुसरी बाटली, तवंग नाही. व्हॉल्व्ह उघडला. सही."

यात पाणी खराब असल्याचं स्वतःच लिहिलंय म्हणून मालक घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. सगळे दिवस "ओके, ओके" असलेली वही क्षेत्र अधिकारी दोन मिनिटांत मिटून ठेवतो. त्याला कळतं की ती काल रात्री एका पेनाने भरली आहे.

हंगामात दोन-तीन नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. तुलनेला आपल्या सर्वसाधारण मानकांतले भूपृष्ठावरच्या पाण्यासाठीचे आकडे घ्या: पीएच 5.5 ते 9, निलंबित घन पदार्थ 100, सीओडी 250, बीओडी 30 (दोन्ही पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो ते सांगतात), तेल व ग्रीस 10. पीएच सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरा. अमेरिकेच्या परवान्यात निलंबित पदार्थांचा इशाऱ्याचा आकडा 100 च आहे, सीओडीचा मात्र 120. पावसाच्या पाण्यात सीओडी 240 आला तर मानकात बसला म्हणून मी सोडून देत नाही. एवढ्या पातळ झालेल्या पाण्यात 240 येतो म्हणजे मागे कुठेतरी काहीतरी सरळ मिसळतंय.

मंडळाची माणसं आली तर

पावसाळ्यात तपासणी येतेच, बऱ्याचदा तक्रारीवरून आणि अवेळी. गेटवरच्या वॉचमनला नाव-ओळखपत्र बघून ताबडतोब आत सोडायला सांगून ठेवा. अडवलं की प्रकरण वेगळ्याच दिशेला जातं. नमुना घेताना स्वतः हजर राहा. कलम 21 प्रमाणे तुमच्यासमोर त्याचे दोन भाग करून, सील करून, दोघांच्या सह्या व्हायला हव्यात, आणि दुसरा भाग कायद्याने ठरवलेल्या प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्हाला करता येते. ती तिथल्या तिथे करा, नंतर नाही. नमुना कुठल्या चेंबरमधून घेतला, पाऊस चालू होता का, शेजारचं पाणी मिसळत होतं का, हे पंचनाम्यात लिहून घ्या. जेव्हीएसचा (मंडळाने असा घेतलेल्या नमुन्याचा) निकाल महिन्याने हातात येतो तेव्हा हे कुणालाच आठवत नाही.

कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तरात कायद्यावर भाषण नको. नकाशा, वहीची पानं, काय दुरुस्त केलं त्याचे तारखेसह फोटो, उरलेल्या कामाची मुदत. मंडळ बँक गॅरंटी मागू शकतं, आणि कलम 33अ खाली वीज-पाणी तोडून कारखाना बंद करण्यापर्यंतचे अधिकार त्याच्याकडे आहेत.

सांडलं तर पहिला हात बाहेरच्या गेट व्हॉल्व्हवर जायला हवा, झाडूवर नाही. प्रत्येक शिफ्टमधल्या दोघांना तो व्हॉल्व्ह अंधारात, पावसात शोधता आला पाहिजे. मेमध्ये रात्री दिवे घालवून एकदा सराव करा, जड गेलेला स्पिंडल तेव्हाच कळतो. होजने धुऊन काढायचा मोह आवरा. लाकडाचा भुसा, वाळू, शोषक पॅड, मग फावडं, मग घातक कचऱ्याचा ड्रम. आणि मंडळाला लगेच कळवा. कलम 31 तसं बांधून टाकतं, आणि नाल्यातले मेलेले मासे गावकऱ्यांनी आधी दाखवण्यापेक्षा तुमचा फोन आधी गेलेला बरा. फोननंतर ईमेल, वेळ घालून.

ऑक्टोबर

पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. ते मागच्या आर्थिक वर्षाचं असलं तरी भरताना पावसाची वही जवळ ठेवा. पुढच्या वर्षी काय सुधारणार हे लिहायची जागा त्यात आहे आणि बहुतेक जण तिथे "झाडे लावणार" लिहून मोकळे होतात.

परतीचा पाऊस ओसरला की खड्डा उपसा. तळाचा गाळ भरावाला किंवा बागेत टाकायचा नाही. तपासून घ्या, आणि प्लेटिंग किंवा रासायनिक युनिट असेल तर निकाल येईपर्यंत घातक कचरा समजूनच बंद ड्रममध्ये ठेवा. एचडीपीईचं अस्तर कुठे फाटलंय ते रिकाम्या खड्ड्यातच दिसतं. कोपऱ्यांत आणि पंपाच्या पायाखाली हात फिरवून बघा. गाळ किती इंच साचला होता तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढच्या ऑक्टोबरात तो कमी झाला नसेल तर मेमधला पत्रा अजून कुठेतरी बसायचा राहिला आहे.